लिव्हर नसलेला क्लच: १९८३ च्या ‘बिग रेड’सोबत आठ महिने

गेल्या सप्टेंबरात मिशिगनमधल्या आमच्या शेजाऱ्याच्या गोठ्यातून ही तीनचाकी बाहेर काढली. १९८३ ची होंडा एटीसी २००ई, उर्फ ‘बिग रेड’. पुढे एक, मागे दोन फुगीर चाकं आणि सामान लादायला कॅरिअर. अमेरिकेत अशी गाडी नवी मिळत नाही. अपघात फार झाल्यामुळे १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्या यांच्यात समझोता होऊन विक्री थांबली, २००८ च्या कायद्याने उरलंसुरलं दारही बंद झालं. ज्या आहेत त्या अशाच कुणाच्या तरी गोठ्यात. मला ती घरामागच्या रानातून जळाऊ लाकूड आणायला हवी होती.

इंजिनाबद्दल एक अक्षर तक्रार नाही. आठ महिने डोकं खाल्लं ते क्लचने. त्यातही अर्धा दोष माझाच, तो पुढे येईल.

या गाडीच्या हँडलला क्लच लिव्हर नाही. आत मात्र दोन क्लच आहेत. एक क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर: रेस वाढली की त्याचे शू (घर्षणाचे तुकडे) बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या ड्रमला धरतात. दुसरा प्लेटांचा: गिअरचं पेडल दाबलं की सुटतो, सोडलं की धरतो. हिरो होंडा स्ट्रीट चालवलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. कोरेगावला आमच्या बाबांकडे ती होती, त्यामुळे मला वाटलं, हे तर घरचंच प्रकरण.

पहिल्याच आठवड्यात पहिला गिअर टाकला की ‘खट्’ आवाज येऊन गाडी पुढे उडी मारायची. ब्रेक सोडला तर रेस न देता आपली आपण सरकायची. मी लगेच नव्या प्लेटा शोधायला लागलो. खरं कारण निघालं कार्ब्युरेटरवरच्या स्लोच्या (रेस न देता इंजिन फिरतं त्या वेगाच्या) स्क्रूत. स्लो इतका चढवलेला होता की उभ्या गाडीतही शू अर्धवट धरत होते. स्लो उतरवला, सरकणं थांबलं. फुकटात.

गिअर तरी कडकच पडत होते आणि न्यूट्रल सापडायचं नाही. त्यासाठी, म्हणजे प्लेटांचा क्लच नीट सुटावा म्हणून, उजव्या बाजूच्या झाकणावर एक स्क्रू आणि तो जागेवर धरणारा लॉकनट आहे. इंजिन बंद ठेवून नट सैल करायचा, स्क्रू डावीकडे फिरवत जायचं, बोटांना हलका अडथळा लागला की थांबायचं. तिथून उजवीकडे पाव आटा मागे यायचं आणि स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवत नट आवळायचा. न धरता आवळला तर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि केलेलं सगळं पाण्यात. माझं दोनदा गेलं. तिसऱ्यांदा जमल्यावर गिअर लोण्यासारखे पडायला लागले, आणि मी स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका मारून ठेवला.

ऑक्टोबरअखेर ओक कापला. कॅरिअरवर ओंडके लादून चढाला लागलो तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी. इथे एक भेद नीट समजून घ्या. चढावर इंजिनाचा आवाज खाली बसत असेल तर इंजिन कमी पडतंय किंवा ब्रेक चिकटलाय. आवाज वर चढतोय आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. ब्रेकची शंका असेल तर न्यूट्रलला टाकून ढकलून बघा, मिनिटभराचं काम.

दोनपैकी कुठला क्लच घसरतो हेही न खोलता बरंचसं कळतं. शू झिजले असतील तर गाडी उभ्यावरून निघायलाच आळस करते, बरीच रेस दिल्यावर मग धरते, पण एकदा वेग आला की तक्रार करत नाही. प्लेटा गेल्या असतील तर उलटं: निघताना ठीक, आणि वरच्या गिअरला जोर आला की घसरतात, इंजिन तापल्यावर जास्तच. मोकळ्या माळावर वरच्या गिअरला जात असताना एकदम पूर्ण थ्रॉटल दिला. आवाज गेला वर, गाडी तशीच. म्हणजे प्लेटा.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी एवढंच विचारलं, “प्लेटा नंतर बघू. ऑइल कुठलं घातलंयस?” मी गप्प. गॅरेजात कारचं ऑइल अर्धा डबा उरलं होतं, तेच ओतलं होतं. “अरे, त्याच ऑइलात क्लच बुडालेला असतो ना? मग?” कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती चांगली, ऑइलात भिजलेल्या प्लेटांना नाही. डब्यावर ‘जासो एमए’ (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी खूण) लिहिलेलं मोटारसायकलचं १०डब्ल्यू-४० आणलं, दोन वेळा बदललं. घसरणं निम्म्यावर आलं, पण वीस मिनिटं काम केलं की पुन्हा सुरू.

जानेवारीत शेवटी खोललं. जपानी स्क्रूंची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा वेगळी असते, साधा ड्रायव्हर लावला की डोकी गोल होतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडा मारला की फिरणारा) आणि जपानी बिट आधी घ्या, मग हात लावा. आतला चार खाचांचा नट साध्या पान्याने निघत नाही, त्याचा खास सॉकेट मागवावा लागला. मध्ये चार दिवस उजवी बाजू उघडी ठेवून गाडी टेबलक्लॉथखाली झाकलेली.

शू उत्तम होते. घर्षणाच्या प्लेटांवर मात्र काचेसारखी चमक आलेली, नखाने खरवडलं तरी ओरखडा उठत नव्हता. लोखंडी प्लेटांपैकी एक तापून निळी पडलेली. ती खिडकीच्या काचेवर ठेवली तर एका कडेखालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरळ आत गेला, म्हणजे ती वाकली होती. स्प्रिंगा नव्यांशेजारी उभ्या केल्या तर जुन्या उघड बुटक्या. सगळं एकदम बदललं. नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजत घातल्या. कोरड्या बसवल्या तर जळू शकतात.

तेव्हापासून चार महिने त्याच चढावर, तेवढ्याच ओझ्याने घसरलेली नाही. कडक थंडीत पहिला गिअर अजून झटका देतो, कारण गार ऑइलात प्लेटा एकमेकींना चिकटून बसतात. पाच मिनिटं न्यूट्रलमध्ये तापवली की जातो. कुणी चालवायला मागितली तर देत नाही. मागच्या आसाला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे ती सहज वळत नाही, आणि वळणावर सवयीने पाय खाली टेकवला तर मागचं चाक पोटरीवर चढतं.

जुनं पॅकिंग खरवडताना ड्रायव्हरने झाकणाच्या कडेला एक चर पाडला आहे. तिथून दिवसाला दोन-तीन थेंब ऑइल पडतं. खाली पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवला आहे, बाबांना कॅमेऱ्यात गाडी वरूनच दाखवतो.