झिजलेल्या दातांवर कॉम्पोझिट : सांगलीत आठेक महिने वापरल्यावर

बुलिमिया म्हणजे भरमसाट खाऊन मग मुद्दाम उलटी काढण्याचा आजार. त्यातल्या उलट्यांनी वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू आधी झिजते. आरशात ती दिसत नाही. दिसतात त्या पातळ, पारदर्शक झालेल्या कडा. दाढेत पूर्वी भरलेली चांदी तर माझ्या जिभेला उंच लागायची. आम्लानं भोवतीचा दात झिजला होता, चांदी तशीच राहिली होती.

सांगलीत एका ठिकाणी सगळ्या दातांना कॅप सुचवली होती. कॅपसाठी दात चौफेर घासतात. इथे घासायला उरलंय काय? मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, सुचवलं, पण अट घातली : आधी मानसोपचार, उलट्या आटोक्यात, मग दात. पटलं. आम्ल येत राहिलं तर भरलेल्या कडेलगतचा दात झिजणारच. तोवर फ्लोराइडवर भागवलं.

प्रत्यक्ष काम सोपं. दात न कापता थर चढवायचा, निळ्या लाइटनं कडक करायचा. गार पाण्याची कळ त्याच आठवड्यात गेली. त्रास झाला तो चाव्याचा. पुढचे दात जाड झाल्यानं दाढा एकमेकींना टेकेनात. मॅडमनी तसं मुद्दामच ठेवलं होतं, दाढा हळूहळू सरकून जुळतात म्हणे. जुळल्याही, पण तोवर कित्येक महिने भाकरी आमटीत कुस्करूनच खाल्ली. हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितेय.

दुसरी कुरकूर हळदीची. कॉम्पोझिट रंग धरतं, आणि सांगलीत राहून हळद टाळणार कशी? कडा पिवळट होतात, पॉलिश केलं की उजळतात. भडंगातल्या शेंगदाण्यानं एक कोपरा उडाला. तो त्याच बैठकीत भरून मिळाला. कॅप फुटली असती तर एवढ्यावर सुटले नसते.

एक गोष्ट मात्र पाठच करा. उलटी झालीच तर लगेच ब्रश नको. तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, विरघळू लागतं. मऊ पडलेला थर ब्रशनं खरवडून निघतो. पाण्यात खायचा सोडा घालून चूळ भरा. रात्री फ्लोराइड पेस्ट लावून नुसतं थुंका, वर पाण्याची चूळ नको.

खर्च कॅपपेक्षा कमी, पण अधूनमधूनची डागडुजी हिशोबात धरा. आणि सुरुवातीलाच दातांचा साचा काढून ठेवणारे डॉक्टर बघा. पुढच्या तपासणीला झीज थांबली की नाही, ते त्याच्याशी ताडून कळतं.