ओसीडी: केटामाइन की ईआरपी?

ओसीडी म्हणजे नको ते विचार छळतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, असा मानसिक आजार. त्यापायी हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालेली मावसबहीण विचारत होती, केटामाइन (मुळात भुलीचं औषध) घेऊ की ईआरपी (भीतीला सामोरं जाऊन ती कृती रोखायला शिकवणारी थेरपी) करू?

वेगात केटामाइन पुढे. २०१३च्या अमेरिकेतल्या १५ रुग्णांच्या चाचणीत ४० मिनिटांच्या एका सलाइनमधून दिलेल्या डोसनंतर काहींना काही तासांतच मोकळं वाटलं. पण परिणाम ओसरतो, मग पुन्हा सलाइन, पुन्हा खर्च. शिवाय रक्तदाब चढतो, सवयीचाही धोका.

ईआरपी जिवावर येते. दाराची कडी धरायची आणि हात न धुता बसायचं, भीती उतरेपर्यंत, आठवडे न् आठवडे. पण शिकलेलं अंगात मुरतं, म्हणून माझं मत आधी तीच.

ओसीडीच्या नेहमीच्या गोळ्या घेऊन आणि ईआरपी मनापासून करूनही सुटका नसेल, तरच मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीत केटामाइनचा विचार. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा व्यसनाचा इतिहास असेल, तर नकोच.