त्रिभुज प्रदेशातली अभ्यास-सहल: मुक्काम काठावर ठेवावा की बोटीवर?

भूगोल, भूशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चार-पाच दिवसांसाठी त्रिभुज प्रदेशात न्यायचं ठरलं की पहिला वाद मुक्कामावरून होतो. काठावरच्या एखाद्या गावात खोल्या घेऊन रोज तिथून निघायचं, की झोपण्या-जेवणाची सोय असलेली बोट घेऊन नदीच्या फाट्या-फाट्यांतून पुढे सरकत राहायचं? बहुतेक विभाग इथे खर्चाचे आकडे मांडायला बसतात. आमच्या मते त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात: तिथे भरती-ओहोटीत पाणी किती चढतं-उतरतं, आणि विद्यार्थी नक्की काय मोजणार आहेत.

भूशास्त्रज्ञ गॅलोवे यांनी १९७५ मध्ये त्रिभुज प्रदेशांची नदी, लाटा आणि भरती यांपैकी कोणाचा जोर जास्त, यावरून विभागणी केली. वर्गात शिकवली जाणारी ही विभागणी सहलीच्या आखणीलाही उपयोगी पडते. नाईलचा त्रिभुज प्रदेश लाटांनी घडवलेला आहे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटरही नसतो, आतली जमीन शेतीखाली आहे आणि रस्ते सगळीकडे पोचलेले आहेत. आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं, नदीचा गाळ अडला आणि मुखाजवळचा किनारा समुद्र खात गेला. हे पाहायला-मोजायला किनाऱ्यालगत गाडीने फिरणंच सोयीचं. तिथे बोटीवर राहण्यात काही हाशील नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या सुंदरबनात मात्र पाणी दिवसातून दोनदा काही मीटर चढतं-उतरतं, काठ चिखलाचे आणि खारफुटीचे, वाघाच्या वावरामुळे आणि वनखात्याच्या नियमांमुळे मनाला येईल तिथे उतरता येत नाही. तिथे बोट हाच खरा मुक्काम.

या दोन टोकांच्या मध्ये निर्णय अवघड होतो. युरोपातल्या डॅन्यूब नदीचंच पाहा. ती मिळते त्या काळ्या समुद्राला भरती जवळजवळ नाहीच, म्हणजे काठावरचा मुक्काम सोपा असायला हवा. पण मुखावरच्या सुलिना गावाला बाहेरून येणारा रस्ताच नाही, जायचं ते पाण्यावरूनच. म्हणून भरतीच्या तक्त्याइतकाच रस्त्यांचा नकाशाही आधी बघावा.

घड्याळ कोणाच्या हातात

काठावरच्या मुक्कामाची खरी अडचण वेळापत्रकाची. जिथे दिवसातून दोन भरत्या येतात तिथे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी सकाळी ८ वाजता लहान खाडीत शिरता आलं तर गुरुवारी तेवढंच पाणी साडेदहाच्या सुमाराला मिळणार. जेवण, गाडी, भाड्याची होडी हे सगळं ठरलेल्या तासांवर चालतं आणि पाणी चालत नाही. उथळ खाड्यांत भरतीच्या आधी-नंतरचे दोन-दोन तासच होडी चालते. गाळाच्या सपाटीवर छेद (जमिनीतून काढलेले मातीचे उभे नमुने) घ्यायचे तर नेमकी उलटी वेळ हवी, ओहोटीची. परत येताना धक्क्याला पाणी नसेल तर ३० मुलं पलीकडे अडकून पडतात.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे मुलांना निघण्याआधीच समजवावं. ओहोटीनंतरच्या सहा तासांत ते अंदाजे १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी चढतं. एकूण फरक ४ मीटर असेल तर पहिल्या तासात सुमारे ३३ सेंटिमीटर, पण तिसऱ्या तासात पूर्ण १ मीटर. पहिला तास निवांत गेला म्हणून सपाटीवर रेंगाळणारा गट तिसऱ्या तासात कमरेइतक्या पाण्यात सापडतो. नदीत वर जावं तसा चढ आणखी तीव्र आणि उतार लांबट होतो, त्यामुळे बारावा हिस्सा हा तिथे फक्त ढोबळ अंदाज. शिवाय छापील तक्ता असतो मुखाजवळच्या बंदराचा. आत भरती उशिरा पोचते. किती उशिरा, ते खुणा केलेली काठी रोवून १५ मिनिटांनी एकदा असं साडेबारा तास वाचन घेतल्याशिवाय कळत नाही.

बोटीवर हा त्रास पुष्कळ कमी होतो. नांगर टाकून पाण्याची वाट बघता येते. पण मग दिवस बोटीचा होतो. ताशी ९ किलोमीटरने जाणारी बोट आणि प्रत्येक थांब्याला ४० मिनिटं धरली, तर आठ तासांत सहा थांबे आणि ३६ किलोमीटर, तेही प्रवाह विरुद्ध नसेल तर.

काय मोजायचं आहे?

आमचा कौल मुख्यतः यावर ठरतो. मुखापासून आत खारटपणा कसा कमी होत जातो हे दाखवायचं असेल तर बोटीला पर्याय नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. काही फाट्यांमध्ये वर जवळजवळ गोडं पाणी आणि तळाशी खाऱ्या पाण्याची पाचर असते. वाहकता-मापक (पाण्यातून वीज किती सहज जाते त्यावरून खारटपणा सांगणारं उपकरण) एकेक मीटर खाली सोडताना आकडा एका मीटरच्या आत उसळी घेतो. मुलांच्या डोळ्यांसमोर ते घडलं की पाचर वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चूक होते ती केबलमध्ये. प्रवाहात केबल तिरकी जाते. उभ्या रेषेपासून ३० अंश तिरकी असेल तर १० मीटर केबल सोडूनही खोली ८.७ मीटरच असते. मापकाच्या वर एक-दोन किलोचं वजन बांधावं आणि प्रत्येक वाचनासोबत केबलचा कोनही वहीत लिहावा.

गाळाचे थर वाचायचे असतील तर काठ हवा. ३० विद्यार्थी, सहा-सहाचे पाच गट, प्रत्येकाकडे हाताने फिरवायचा एक गिरमिट आणि एक-एक मीटरच्या जोडकांड्या. दोन मीटरचा छेद घेऊन त्याची नोंद करायला पाऊण ते एक तास लागतो, म्हणजे अर्ध्या दिवसात गटाला तीन आणि मिळून पंधरा छेद. नदीकाठच्या उंच बांधापासून मागच्या दलदलीपर्यंत ते एका रेषेत घेतले की वाळूपासून चिकणमातीपर्यंतचा बदल हातालाच कळतो. गिरमिटाची नळी बाहेर काढल्यावर वरचा लिंपलेला थर सुरीने आडवा खरवडायचा. उभा खरवडला तर वरची माती खालच्या थरांवर पसरते आणि नोंद खोटी पडते. भूजलाच्या वर तांबूस गंजाचे डाग, खाली करडा-निळसर रंग, कुठे सडक्या अंड्याचा वास. काळा थर दिसला तर फोटो लगेच घ्यावा, कारण लोहाचं सल्फाइड हवेत उघडं पडलं की रंग बदलू लागतो.

हेच काम बोटीवरच्या मुक्कामातून करायचं तर मोठी बोट काठाला लागत नाही. लहान होडीने सहा-सहा जण सोडावे लागतात आणि बाकीचे २४ डेकवर बसून राहतात. बोटीवरच्या सहलींबद्दल विद्यार्थ्यांची मुख्य तक्रार हीच असते आणि ती रास्त आहे. एका वेळी दोन-तीन उपकरणंच पाण्यात जातात, त्यामुळे १२ पेक्षा जास्त जण असले की शिकणं पातळ होत जातं.

पाण्यातल्या तरंगत्या गाळाचे नमुने दोन्हीकडे घेता येतात, फक्त बोटीवर तराजू नेऊ नये. मिलिग्रॅम दाखवणारा तराजू हलत्या बोटीवर स्थिर होत नाही. गाळणकागद आधीच वाळवून, वजन करून, नंबर घालून न्यावेत. बोटीवर फक्त गाळावं आणि परतल्यावर तोलावं. गाळून झालं की कागद ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचा. ते राहिलं तर वाळलेलं मीठही गाळाच्या वजनात धरलं जातं आणि मुखाकडे गाळ ‘वाढल्याचा’ चुकीचा निष्कर्ष निघतो.

सुरक्षितता आणि पैसा

काठावर धोका चिखलाचा. गुडघाभर रबरी बूट चिखलात अडकून बसतात. घट्ट नाडीचे कापडी बूट बरे. पाय रुतला तर ओढाओढ न करता मागे टेकून अंगाचा भार पसरायचा आणि पाय हलके हलवत कडेने हवा-पाणी शिरू द्यायचं. बोटीवर धोका अंतराचा. सर्वांत लांबच्या थांब्यावरून डॉक्टरपर्यंत किती तास, हा आकडा आराखड्यात लिहिलेला हवा आणि सोबत दुसरी लहान होडी हवी. जीवरक्षक जॅकेट खलाशांसकट प्रत्येकाला मापाचं. पोहता न येणाऱ्यांची यादी आधी करावी, पण त्यांना वगळण्यासाठी ती वापरू नये. बंगालच्या उपसागराच्या काठी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे चक्रीवादळांचे महिने टाळलेले बरे.

खर्चाचं गणित सरळ आहे. खोल्यांचा खर्च डोक्यांप्रमाणे वाढतो, बोटीचा भाड्याच्या दिवसांप्रमाणे. गट लहान असला तर बोट माणशी महाग पडते. पण गट लहान असला तरच ती शिकवण्याला चांगली, हा पेच सुटत नाही.

पदवीचे ३० विद्यार्थी असतील तर मुक्काम काठावर ठेवून पाचांपैकी दोन दिवस बोट घ्यावी, दोन तुकड्यांत: एक तुकडी पाण्यावर, दुसरी गिरमिटांवर. पदव्युत्तरचे दहा-बारा जण असतील आणि भरतीचा जोर मोठा असेल, तर पूर्ण सहल बोटीवर.

निवड काहीही असो, पाहणीला आधी जाल ते सहलीच्याच तिथीला, एक चांद्र महिना अगोदर जा. उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठ्या चढ-उताराची भरती अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत येते, आणि एकाच ठिकाणी उधाणाचं पाणी दर वेळी जवळपास त्याच घटकेला चढतं. भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराच्या दिवसांत पाहून आलेला धक्का उधाणाच्या ओहोटीत पूर्ण कोरडा असू शकतो.