कूपर ब्लॅक की अब्रिल फॅटफेस?

मथळ्यासाठी जाड, ठसठशीत सेरिफ (अक्षराच्या टोकांना छोटे फाटे असलेला) फाँट शोधताना ही दोन नावं हमखास समोर येतात. मजकुराचे परिच्छेद मात्र दोन्हींत लावू नयेत.

कूपर ब्लॅक ओझवल्ड कूपर यांचा. शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे टाइप बनवणाऱ्या कंपनीने, तो १९२२ मध्ये आणला. त्याच्या सेरिफना धारदार टोकच नाही. सगळ्या कडा गोलसर, फुगीर. ‘ओ’च्या आतली पोकळी मागे कललेली असल्यामुळे शब्द किंचित डुलल्यासारखा दिसतो. बारीक रेषा जवळपास नाहीतच, म्हणून टी-शर्टवर, दुकानाच्या पाटीवर, अगदी खरखरीत कागदावरही तो टिकतो. ईझीजेट या विमान कंपनीचं नाव यातलंच.

अब्रिल फॅटफेस टाइपटुगेदर या फाँट बनवणाऱ्या कंपनीचा, व्हेरोनिका बुरियन आणि होसे स्कालियोने यांचा. त्याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश आणि फ्रेंच जाहिरातींच्या पोस्टरांत आहे. उभे दांडे भरभक्कम, सेरिफ केसासारखे बारीक! मासिकाच्या मुखपृष्ठावर हा विरोध देखणा दिसतो. आकार लहान केला की त्या रेषा हरवतात, आणि काळ्यावर पांढरं छापताना शाई त्यांना गिळते. गूगल फाँट्सवर तो मोफत मिळतो.

देवनागरी दोन्हींत नाही. मराठी-इंग्रजी पाटी करायची असेल तर मी कूपरच घेईन आणि शेजारी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा गुबगुबीत देवनागरी फाँट ‘मोदक’ लावेन. अब्रिलला शोभेल असा जोडीदार शोधायला जास्त वेळ द्यावा लागतो.