ऑरिक्युलासाठी घेतलेला बियरचा कूलर: वर्षभराच्या वापरानंतर

आतला पंखा बंद पडला आणि मेकॅनिकने हात न लावताच ‘गॅस संपलाय’ असं निदान केलं, तेव्हाच ठरवलं की या कूलरबद्दल एकदा सविस्तर लिहायचं. कूलर म्हणजे वाळ्याच्या जाळीचा नव्हे. बारमध्ये काचेच्या दाराआड बियरच्या बाटल्या मांडलेल्या असतात, तो. एका दाराचा, दोनशे लिटरच्या आसपासचा. गोव्यात फोंड्याकडचा एक बार बंद झाला, मालकाने सामान विकायला काढलं, त्यात हा आठ हजारांना मिळाला. नवा घेण्याची ऐपत आहे, इच्छा नाही.

त्यात मी ऑरिक्युला आणि तिच्याच गोतातल्या बाकीच्या प्रिम्युला, ही थंड मुलखातली फुलझाडं लावतो. ‘घराला कुळागर आहे, पाटाचं पाणी आहे, माडा-पोफळीची सावली आहे, मग बाहेर का लावत नाहीस?’ हे मला प्रत्येक पाहुणा विचारतो. कुळागरातला गारवा माणसाला आणि मिरीच्या वेलाला पुरतो. ऑरिक्युला हे आल्प्सच्या चुनखडीच्या कड्यांवरचं झाड. हिवाळाभर बर्फाखाली झोपायचं, उन्हाळ्यात कपारीत मुळं गार ठेवायची, ही त्याची सवय. आमच्याकडे पौषातल्या पहाटेलाही पारा विशीच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी बत्तिशी गाठतो. प्रिम्युलाच्या पुष्कळशा जातींचं बी तर वीस अंशांच्या वर रुजायलाच कुरकुर करतं. आणि पावसाळ्यातल्या उबदार ओलीत ऑरिक्युलाचं गाजरासारखं जाड मूळ बघता बघता सडतं.

आता कूलर. थंडीबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. मूळ थर्मोस्टॅट बाटल्यांसाठीचा, म्हणून तो बाजूला काढून एसटीसी-१००० हा स्वस्तातला डिजिटल कंट्रोलर जोडून घेतला. त्यात तापमान हवं तेवढं ठेवता येतं, चालू आणि बंद होण्याच्या तापमानात दोन अंशांचा फरक देता येतो आणि कॉम्प्रेसर लगेच परत सुरू होऊ नये म्हणून काही मिनिटांची सक्तीची विश्रांतीही देता येते. बी रुजवायला १५ अंश. बी मातीवर नुसतं पसरायचं, झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ४-५ अंश, म्हणजे त्यांचा हिवाळा. बियरचं तापमान आणि आल्प्समधल्या झोपेचं तापमान जवळपास एकच निघालं, ही या खरेदीतली सगळ्यात सुखाची गोष्ट. मार्चमध्ये दहा-बारावर आणलं आणि एप्रिलमध्ये बाहेर अंगाची लाही होत असताना आत पहिला गुच्छ उमलला. खालच्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या आहेत. वीज गेली की त्या थंडावा धरून ठेवतात, आणि पावसाळ्यात आमच्या भागात फांदी तारेवर पडून वीज जाणं हा नित्यक्रम आहे.

उजेडासाठी ६५०० केल्विनच्या एलईडी पट्ट्या, दिवसाला बारा-तेरा तास. पट्ट्यांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, बाहेर ठेवा, तो तापतो. एवढं पुरे.

आता थेंबाकडे येतो, कारण मला लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

पावसाळ्यात आमच्याकडे दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार अशा कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. दाराची काच बाहेरून घामेजते, खाली लाद्यांवर ओघळ येतात, ते फडक्याने पुसता येतं. पण दार उघडलं की ती ओली हवा आत शिरते, वरच्या गार छताला आणि पंख्याच्या जाळीला चिकटते आणि तिथून थेंब सुटतो. नेमका वरच्या कप्प्यावर. वरच्या कप्प्यावर कोण? शो ऑरिक्युला, म्हणजे प्रदर्शनात मांडायच्या जाती.

शो ऑरिक्युलाचं सगळं सौंदर्य पिठात असतं. पानांवर, देठांवर आणि फुलाच्या मधल्या पांढऱ्या वर्तुळात झाड स्वतःच एक पांढरी भुकटी तयार करतं. इंग्रज लोक त्या मधल्या वर्तुळाला पेस्ट म्हणतात, आणि ते गुळगुळीत, अखंड, डागाविना असलं पाहिजे यावर प्रदर्शनात मार्क अडतात. पेस्टच्या बाहेर काळा पट्टा, त्याच्या बाहेर हिरवी, करडी किंवा पांढरी कडा. हिरवी कडा म्हणजे पाकळीने पानाचं रूप घेतलेलं असतं. करडी आणि पांढरी म्हणजे त्याच हिरव्यावर कमी-जास्त पीठ. पाण्याचा एक थेंब पडला की पीठ वाहून जातं आणि परत येत नाही. म्हणून तर हे लोक शो जाती काचेखाली वाढवतात. इंग्लंडमध्ये ऑरिक्युला थिएटर नावाचा प्रकार होता: काळ्या रंगाच्या पायऱ्या, त्यावर कुंड्या, आणि वरून छत, पाऊस लागू नये म्हणून. डर्बीशरच्या काल्क ॲबीमध्ये असं जुनं थिएटर अजून आहे. माझ्या थिएटरात पाऊस छतातूनच पडतो.

माझी पहिली करड्या कडेची कळी उमलली त्याच रात्री तिच्यावर थेंब पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेस्टच्या मधोमध ओघळ. माझी बायको म्हणाली, ‘अहो, दिसत पण नाही.’ दिसतं. मला तर दुसरं काही दिसतच नव्हतं.

उपाय म्हणून पारदर्शक पत्रा छताखाली तिरका बसवला, पुढची बाजू उंच, मागची खाली, म्हणजे थेंब त्यावरून मागच्या भिंतीला जाऊन उतरेल. शिवाय संगणकातला छोटा बारा व्होल्टचा पंखा चोवीस तास चालू. कॉम्प्रेसर बंद असताना कूलरचा स्वतःचा पंखाही थांबतो, हवा साचते आणि पानांवर करडी बुरशी धरते. छोट्या पंख्याने बुरशी गेली. थेंब कमी झाला, गेला नाही.

त्यानंतर मी निवडीचे निकषच बदलले. अल्पाइन गटाच्या ऑरिक्युलांना पीठ नसतं. मधला डोळा सोनेरी किंवा फिका, आणि पाकळीचा रंग आतून बाहेर गडदाकडून फिकटाकडे जातो. थेंब पडला तर फूल ओलं होतं, झटकलं की झालं. बॉर्डर ऑरिक्युला त्याहून दणकट, बागेत मोकळ्यावर राहणाऱ्या; काहींना थोडं पीठ असतं, पण त्यांच्याकडून कोणी शिस्तीची अपेक्षा करत नाही. बियाणं घेणार असाल तर या दोन गटांचं घ्या. परदेशातून मागवायचं असेल तर आयातीचा परवाना आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे बियाणं रोग-किडींपासून मुक्त असल्याचं, प्रमाणपत्र लागतं, पाकिटात लपवून आणायच्या भानगडीत पडू नका. आणि हे लक्षात ठेवा की बियांतून आलेलं रोप आईसारखं निघत नाही. नावाची जात टिकवायची तर बुडाशी फुटलेली पिल्लं वेगळी करूनच.

एक गंमत सांगायची राहिली. फुलाच्या डोळ्यात डोकावलं की काहींत टाचणीच्या डोक्यासारखा स्त्रीकेसर वर दिसतो, काहींत परागकोशांचा झुबका. डार्विनने १८६२ मध्ये प्रिम्युलांच्या या दोन रूपांवर निबंध लिहिला होता, परपरागीकरणाची ही सोय आहे असं दाखवून. इंग्रज परीक्षक टाचणीवालं फूल सरसकट बाद करतात. माझ्या रोपांतली बरीच टाचणीवालीच निघाली. कूलरमध्ये परीक्षक नसल्यामुळे ती जिवंत आहेत.

मातीचं थोडक्यात. आपल्याकडची जांभ्याची माती आंबट. बागेतली ऑरिक्युला चुनखडीवरच्या आणि आम्ल खडकांवरच्या अशा दोन जातींच्या संकरातून आलेली आहे, त्यामुळे ती त्याबाबत फार नखरे करत नाही, तरी तिसऱ्यांच्या कवच्या कुटून मूठभर मिसळतो. कवच्या फुकट असतात, हाही मुद्दा आहे. बाकी बारीक खडी भरपूर, पाणी खालून, पानांच्या मधोमध कधीच नाही.

आणि एप्रिलमध्ये कूलरमध्ये मानकुराद आंबे ठेवू देऊ नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन निघतं आणि फुलं लवकर माना टाकतात. आमच्या घरात या विषयावर बोलणं झालं, त्याचा तपशील देत नाही.

तर जुलैत पंखा बंद पडला. कॉईलवर बर्फाची भिंत, आत तापमान बावीसच्या वर. पहिला मेकॅनिक आला, दार उघडलं, आणि कुंड्या बघून म्हणाला, ‘पात्रांव, बियर खंय?’ मग ‘गॅस भरावा लागेल’ आणि अडीच हजारांचा आकडा. कॉम्प्रेसर गरम, बाहेरची कॉईल गरम, आतली बर्फाने गच्च. गॅस नसता तर एवढा बर्फ आला कुठून? मी विचारलं. त्याने तपासणीचे तीनशे घेतले आणि गेला. तीनशे रुपये अजून सलतात.

दुसरा मेकॅनिक म्हातारा. त्याने आधी कूलरकडे न बघता जमिनीकडे बघितलं. आमचं घर जुनं, मागच्या सोप्याची लादी अंगणाकडे उतरती. तो म्हणाला, ‘बाब, हो मुखार कलला.’ कॉईलखाली पाणी गोळा व्हायची एक पन्हाळ असते, तिचा उतार मागच्या नळीकडे असतो. कूलर पुढे झुकलेला असेल तर पाणी नळीत न जाता पुढच्या काठावरून ठिबकतं. त्यात नळी शेवाळाने अर्धी बुजलेली. त्याने नळीतून तार फिरवली, पुढच्या दोन पायांखाली लाकडाची पाचर मारली, पंख्याची मोटर बदलली आणि सगळे मिळून नऊशे घेतले.

थेंब कमी झाला. खूपच कमी झाला. वर मी हवेतल्या ओलाव्याला जेवढं बोललो, त्यातलं निम्मं त्या पन्हाळीला बोलायला हवं होतं असं आता वाटतं. पण निम्मंच. मुसळधार पावसात दार दोनदा उघडलं की जाळीवर मणी धरतातच, आणि माझा तिरका पत्रा काढायला मी तयार नाही. म्हाताऱ्याचं म्हणणं होतं, पाचर पुरे. त्याने करडी कडा पाहिलेली नाही.

त्यानंतर शो जातीबद्दलचं मतही थोडं हललं. पाचर आणि पत्रा दोन्ही असताना त्या वरच्या कप्प्यात पुढच्या एप्रिलला पेस्ट कोरडी राहू शकेल. मात्र त्यासाठी फुलायच्या पंधरवड्यात दार दिवसातून एकदाच उघडायचं, आणि एवढा संयम या घरात फक्त माझ्याकडे आहे. अल्पाइनचा सल्ला म्हणून कायम.

विजेचं. दिवसाला साधारण तीन युनिट जातात, भर पावसाळ्यात कमी, एप्रिल-मेमध्ये जास्त. काचेचं दार थंडी सांभाळायला निरुपयोगी. रात्री दिवे बंद झाल्यावर मी बाहेरून जुनी गोधडी टाकतो, फक्त मागची जाळी मोकळी ठेवून. काच गरम करणारी तार असलेले कूलर मिळतात, त्यांची काच घामेजत नाही, पण ती तारही वीज खाते. काच पुसायला हात आहेत.

कूलर घ्यायचा नसेल त्यांच्यासाठी: बंगळूर किंवा कालिंपोंगकडून येणारी कुंडीतली प्रिम्युला ओब्कोनिका डिसेंबरात आणा, राजांगणात सकाळचं कोवळं ऊन लागेल अशी ठेवा, जानेवारी संपेपर्यंत फुलं देते, मग टाकून द्या. तिच्या पानांत प्रिमिन नावाचं द्रव्य असतं, त्याने अनेकांच्या हातावर पुरळ उठतं. ‘टच मी’ मालिकेतल्या जातींत ते नाही, त्या मागा. प्रिम्युला मॅलॅकॉइड्स नाजूक आणि सुरेख, पण पहिल्या गरम आठवड्यात आडवी होते. सिक्कीमेन्सिस, डेंटिक्युलाटा ही हिमालयातली मंडळी फोटोत बघा. एवढे पैसे घालायचे त्यापेक्षा अबोलीचा वळेसर आणा, असं आईचं मत आहे आणि हिशेबाला ते चूक नाही.

जुना कूलर बघायला जाताना लांब पाणसळ (स्पिरिट लेव्हल) घेऊन जा. पाणी जायची नळी फुंकून बघा, वास आला तर शंभर रुपये कमी करा. पंखा फिरतो का ते कानाने ऐका. आणि माझ्याकडे करड्या कडेच्या झाडाची, अजून न फुललेली चार-पाच रोपं जास्त आहेत. कोणाला हवी असतील तर फुकट देईन, पण आधी तुमच्या कूलरचं छत मी बघणार.