पहिली 40 मिनिटं: लक्ष्मीनगरातलं मुलांचं नाट्यशिबिर

माझा 12 वर्षांचा मुलगा यंदा मे महिन्यात नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या नाट्यशिबिराला गेला. सकाळी 7 ते 9. त्यातली पहिली 40 मिनिटं नुसती अंग आणि आवाज मोकळा करण्यात जातात. बाहेर थांबलेले पालक कुरकुरायचे, "अन् हे पोट्टे नाटक कधी करतील?" माझे पैसे मात्र तिथेच वसूल झाले.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका शिबिरात त्याला रोज एकच सांगायचे, "जोरात बोल, शेवटच्या रांगेत ऐकू गेलं पाहिजे." राज्य बालनाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री घसा पार बसला. त्याची वाक्यं दुसऱ्या मुलानं म्हटली आणि हा विंगेत उभा राहून रडला. मी शाळेत शिकवते. घसा बसणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

इथे शिकवणारे दादा आधी अंग मोकळं करून घेतात. मनगटं झटका, खांदे सैल सोडा, मान एका खांद्यापासून छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे न्या. मागे गरगर फिरवायची नाही. मग जबडा सुटेपर्यंत मोठ्ठी जांभई. मग उताणं निजून पोटावर वही ठेवायची. श्वास घेताना वही वर आली पाहिजे, खांदे नाही. तोच श्वास 'स्स्स्' करत आकडे मोजून सोडायचा. पोरगा पहिल्या दिवशी 9 वर थांबला होता, शेवटच्या आठवड्यात 22 पर्यंत गेला. त्यानंतर ओठ मिटून गुणगुणणं, ओठांची फुर्रर्र. आवाज चढवायचा तो अगदी शेवटी.

मला सगळ्यात भावलं ते क, च, ट, त, प. आपली वर्णमाला घशाकडून ओठांकडे येते, आणि मुलं ती वाट जिभेनं चालून बघतात. 'चार चाकं' म्हणून पाहा, दोन 'च'ला जीभ दोन वेगळ्या जागी टेकते. हिंदीत घोळलेल्या आमच्या नागपुरी पोरांना हे कुणी दाखवतच नाही. 'काळे राळे, गोरे राळे'सुद्धा आधी अगदी सावकाश, शब्द सुटा ऐकू आला की मगच वेग.

त्याचा आवाज आता फुटायला लागलाय. दादांनी त्याला वरच्या पट्टीत ओढूच दिलं नाही, उलट संहितेतली त्याची आरोळी काढून टाकली. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम मागच्या रांगेत बसले. त्याचं "आजी, झोपलीस का?" हे हळू वाक्यही स्वच्छ पोचलं.

तक्रार दोन गोष्टींची. कूलरच्या घरघरीवर मुलं नकळत ओरडतात, म्हणून आवाजाच्या वेळी तो बंद ठेवतात. ते बरोबरच आहे, पण खिडक्या तरी उघडाव्यात. साडेसातलाच पोरं घामानं निथळतात. आणि गुळगुळीत फरशीवर सतरंज्या फारच कमी. एक मुलगी मोज्यांवर घसरून पडली. मुलांना पाठवाल तर घरून सतरंजी द्या, आणि बाटलीत फ्रिजचं नको, माठातलं पाणी भरा.