पाणी न दिलेले चाकू

मागच्या जानेवारीत घाटावरच्या एका शहरात कृषी प्रदर्शनाला गेलो होतो. येताना कलमाचे म्हणून सहा घडीचे चाकू आणले. त्या चाकूंपायी पावसाळ्यात माझी निम्मीअधिक कोयकलमं (आंब्याची कोय रुजवून आलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेली कलमं) गेली आणि एका माणसाचं बोट कापलं. असे चाकू अजून सगळीकडे विकले जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

राजापूर तालुक्यात माझी छोटी रोपवाटिका आहे, मुख्यतः हापूसची. आमच्याकडचे जुने चाकू झिजून झिजून पाती सुईसारखी झाली होती. त्या स्टॉलवरच्या माणसाने हातात चाकू घेतला, वर्तमानपत्राच्या कागदाची सरळ पट्टी काढली, मनगटावरचे केस भादरून दाखवले आणि शेवटी पेरूची जाडशी फांदी एका झटक्यात तिरकी छाटली. काप आरशासारखा गुळगुळीत. खोक्यावर छापील किंमत 1,450 रुपये, प्रदर्शनात 350. पात्यावर ‘सोलिंगेन’ कोरलेलं आणि खाली 440 हा पोलादाच्या प्रकाराचा आकडा. सहा घेतले, 2,100 रुपये दिले. पावती मिळाली ती साध्या कागदावर, हाताने लिहिलेली, फक्त आकड्यांची. ज्या चाकूने त्याने फांदी छाटली तो त्याने परत आपल्या खिशात ठेवला, मला दिले ते बंद खोक्यांतले. हे तेव्हा डोळ्यांसमोर घडलं आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही.

जानेवारीत घेतलेला कलमाचा चाकू आमच्याकडे जुलैपर्यंत कपाटातच पडून राहतो. कोयकलमं बांधायची ती पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, कोय रुजून आलेलं रोप 10-15 दिवसांचं आणि पानं अजून तांबूस असताना. म्हणजे माल खोटा आहे हे कळेपर्यंत सहा महिने जातात. तोवर स्टॉल उठलेला, फोन बंद, आणि आपल्या हातात दुकानाचं नावसुद्धा नसलेली चिठ्ठी. असल्या विक्रेत्याची सगळी भिस्त या सहा महिन्यांवर असते.

पहिल्याच सकाळी रोपांवर बांधायच्या तीस-चाळीस हापूसच्या काड्या तासून झाल्यावर आमचा जुना गडी म्हणाला, “भाऊ, ही धार धरीत नाय.” मला वाटलं नवीन चाकू आहे, दगडावर एकदा नीट घासला की चालेल. घासला. धार आली आणि अर्ध्या तासात गेली. उन्हाकडे धरून पाहिलं तर धार बोथट झालेली नव्हती, एका बाजूला वळली होती. नरम लोखंडाची धार अशीच वळते.

कलमात काडीच्या टोकाला चार-पाच सेंटिमीटरची पाचर तासायची असते, ती एका ओढीत. खुंटरोपाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपाच्या, चिरेत ती अशी बसायला हवी की काडीच्या सालीखालचा जिवंत थर रोपाच्या थराला बिलगला पाहिजे. वळलेल्या धारेने काप दातेरी येतो, साल चेंबते, मध्ये हवा राहते. वरून कितीही घट्ट पट्टी बांधा, आत कुजतं. शिवाय खऱ्या कलमाच्या चाकूला सहसा एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट असते, त्यामुळे काप सपाट येतो. या चाकूंना दोन्ही बाजूंनी उतार होता, भाजीच्या सुरीसारखा. हे तरी मला घेतानाच दिसायला हवं होतं.

नव्या चाकूंनी सुमारे 600 कलमं बांधली गेली. त्यातली निम्मीसुद्धा जगली नाहीत. पाऊस आणि बुरशी यांचाही वाटा असेल, पण त्याच आठवड्यात, त्याच झाडांच्या काड्या घेऊन जुन्या झिजलेल्या चाकूने बांधलेली 100 पैकी 75-80 फुटली.

बोटाचं झालं ते आठव्या दिवशी. या चाकूला खटका म्हणजे आतली एक पातळ पत्र्याची पट्टी, पातं उघडलं की ती मागून येऊन अडकते. गड्याने चिरेत रुतलेलं पातं मागे ओढलं, पात्याच्या पाठीवर दाब आला, पट्टी सरकली आणि चाकू बोटावर मिटला. तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, दहा दिवस काम बंद. तो खर्च मी केला, पण माझ्या खर्चाने त्याचं दुखणं कमी झालं नाही, आणि मला अजून त्याच्याकडे पाहताना वाईट वाटतं. नंतर सहाही चाकू उघडून पाती हलवून पाहिली. चार खिळ्यापाशी डुगडुगत होती.

मग एक चाकू घेऊन गावच्या लोहाराकडे गेलो. त्याने काही विचारलं नाही, कानस उचलली आणि पात्याच्या पाठीवर ओढली. कानस कचकन रुतली, कीस पडला. “याला पाणीच दिलेलं नाही,” तो म्हणाला. म्हणजे पातं तापवून, एकदम थंड करून कडक केलेलंच नाही. त्याने माझ्या कोयत्यावर तीच कानस ओढून दाखवली, ती काचेवरून सरकावी तशी सरकली. मग हौसेने चाकूचं पातं भट्टीत लाल करून तेलात बुडवलं. कानस पुन्हा रुतली. त्याचं मत पडलं की हा पत्रा कडक होण्यातलाच नाही. मी घरी लोहचुंबक लावून पाहिलं होतं आणि ते चिकटलं म्हणून निर्धास्त होतो. चुंबक चिकटलं नाही तर ते साधं स्टेनलेस, पाणी देऊन कडक न होणारं, एवढंच चुंबकावरून कळतं. चिकटलं म्हणजे पाणी दिलं आहे असं नव्हे.

कोरलेल्या अक्षरांचं नंतर शोधलं. सोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांसाठी नावाजलेलं शहर, आणि ते नाव तिथे बनलेल्या मालालाच लावता येईल असा कायदा तिथे 1938 पासून आहे. माझ्या खोक्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना आयात करणाऱ्याचा पत्ता, ना देशाचं नाव. आपल्याकडे वेष्टनावर हे सगळं छापणं बंधनकारक आहे. नुसत्या 440 ला काही अर्थ नाही, कारण त्या पोलादाचे ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि त्यांच्यातल्या कार्बनमध्ये बराच फरक असतो. तोही आकडा खरा असेल तरच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचं नावच नसताना तक्रार कोणाविरुद्ध लिहायची?

स्वस्त चाकू वाईटच असतो असं मी म्हणत नाही. भाचा ट्रेकला फ्रान्सचा ओपिनेल वापरतो. सव्वाय प्रांतातल्या जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये केलेली ही रचना. लाकडी मूठ, एक पातं, आणि 1955 पासून पातं अडवायला फिरणारी कडी, बस्स. तिथे तो शेतकऱ्यांचा परवडणारा चाकू. उरलेल्या काड्या मी त्यानेच तासल्या. उतार दोन्हीकडून असूनही काप स्वच्छ आला, कारण पात्याला पाणी आहे. कार्बन पोलादाचा असल्याने आमच्या पावसात एका रात्रीत तांबूस डाग पडले, रोज पुसून खोबरेल लावावं लागलं.

आता घेताना मी छोटी कानस बरोबर नेतो आणि विकणाऱ्याला विचारूनच पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, हलकी ओढतो. जो नको म्हणतो त्याच्याकडून घेत नाही. आणि दाखवायला वापरलेलाच नग मागतो.

तुम्हीही प्रदर्शनातून असे चाकू आणून ठेवले असतील तर ते आजच कपाटातून काढा, कानस ओढून पाहा, पातं उघडून पाठीवर लाकडाने दाब देऊन पाहा. जुलै उजाडल्यावर दुसरा चाकू शोधायला वेळ मिळत नाही.